जॉन जे आणि त्याचे सोयरे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला सरन्यायाधीश जॉन जे याच्याविषयीं लिहितांना त्याचे तह आणि निवाडे यांचीच बहुधा मोजदाद होते. परंतु ज्या न्यूयॉर्क प्रांतांत तो वाढला, तेथील राजकारण हें पुष्कळ अंशीं मूठभर श्रीमंत घराण्यांचें घरगुती प्रकरण होतें. जे याचा उत्कर्ष आणि त्याचा मनस्ताप हीं दोन्ही सासरच्या गोतावळ्याशीं निगडित आहेत.

जे याचा जन्म १७४५ सालचा. त्याचा आजा फ्रान्समधील प्रॉटेस्टंट. चौदाव्या लुईनें १६८५ सालीं त्या पंथाचें धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतल्यावर तो देशोधडीस लागून अमेरिकेंत आला. आई व्हॅन कोर्टलंड या बड्या डच घराण्यांतली. १७७४ सालीं जे यानें सतरा वर्षांच्या सेरा लिव्हिंग्स्टनशीं लग्न केलें. तिचा पिता विल्यम पुढें न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला. त्याच कुळाच्या दुसऱ्या शाखेंतला रॉबर्ट लिव्हिंग्स्टन हा तर जे याचा जिवलग स्नेही व वकिलींतील भागीदार.

१७७९ सालीं जे वकील म्हणून स्पेनला निघाला, तेव्हां खाजगी चिटणीस म्हणून त्यानें मेहुणा ब्रॉकहोल्स्ट यास बरोबर घेतलें. ही निवड महागांत पडली. परकीयांच्या देखत हा तरुण आपल्याच काँग्रेसची निंदा करी आणि मेहुण्याचा उपमर्द करी. त्यांतच माद्रिद येथें जन्मलेली जे दांपत्याची मुलगी कांहीं आठवड्यांत दगावली. सेरानें भावाच्या वर्तनाविषयीं बापाला लिहिलें. नवरा आणि भाऊ यांच्यामध्यें उभ्या राहिलेल्या त्या बाईची स्थिति आपल्याकडील वाचकांस समजावून सांगावयास नको!

१७८९ सालीं न्यूयॉर्कचा चॅन्सेलर या नात्यानें रॉबर्टनें वॉशिंग्टनला अध्यक्षपदाची शपथ दिली. सरन्यायाधीशपदाची त्याला आशा होती. तें गेलें जे याजकडे. लिव्हिंग्स्टन मंडळी पुढें जेफर्सनच्या पक्षांत गेली, तिला हॅमिल्टनचें अर्थकारणही कारण झालें. तथापि हा अपमान अगदींच निमित्तमात्र होता, असें मला वाटत नाहीं.

१७९४ सालीं जे यानें इंग्लंडशीं तह केला. युद्ध टळलें, पण गांवोगांव त्याच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. रॉबर्ट आणि ब्रॉकहोल्स्ट या दोघांनींही टोपणनांवांनीं तहावर टीकालेख लिहिले, आणि रॉबर्टचा भाऊ एडवर्ड यानें १७९६ सालीं प्रतिनिधिगृहांत त्याचे कागदपत्र मागितले. १७९८ सालीं तर जुने भागीदार न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठीं समोरासमोर ठाकले. जे जिंकला. पुढच्याच वर्षीं त्यानें क्रमशः दास्यमुक्तीच्या कायद्यावर सही केली. त्याच्या स्वतःच्या पदरीं गुलाम होते, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

सरन्यायाधीशपद त्यानें १७९५ सालींच सोडलें होतें. १८०० सालीं अध्यक्ष अ‍ॅडम्स यानें तें पुन्हा देऊं केलें असतां त्यानें नाकारलें, आणि तें जॉन मार्शलकडे गेलें. जे बेडफर्डच्या शेतीवर राहावयास गेला. १८०२ सालीं सेरा तेथेंच वारली. १८०६ सालीं जेफर्सननें सर्वोच्च न्यायालयांत एक नवा न्यायाधीश नेमला, तो माद्रिदचा चिटणीस ब्रॉकहोल्स्ट. तो मरेपर्यंत, म्हणजे १८२३ पर्यंत, त्या आसनावर होता. जे त्याच्या मागें आणखी सहा वर्षें जगला.