कोरडा महिना : एका मापाची कुळकथा

एखाद्या महिन्याचा मिलिमीटरमधला पाऊस त्या महिन्याच्या सरासरी सेल्सिअस तापमानाच्या दुपटीहून कमी भरला, तर वनस्पतिशास्त्रात तो ‘कोरडा महिना’ ठरतो. तापमान २५ अंश असेल, तर सीमा ५० मिलिमीटर. उष्ण कटिबंधातल्या जंगलाचे कोणते झाड कुठवर पोहोचेल, हे समजून घेण्यासाठी असे महिने मोजले जातात. माप दिसायला सोपे आहे, पण ते घडायला दीडशे वर्षे लागली.

आरंभी सगळा भर उष्णतेवर होता. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट १८०२ मध्ये इक्वाडोरमधल्या चिंबोराझो पर्वतावर चढला आणि पायथ्यापासून हिमरेषेपर्यंत वनस्पती कशा बदलत जातात, याचा उभा छेद त्याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केला. उंची वाढली की तापमान घटते आणि झाडे बदलतात, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र उष्ण कटिबंधातल्या सखल मुलखात तापमान वर्षभर फारसे हलत नाही. तिथे एका ठिकाणी सदाहरित रान आणि दुसऱ्या ठिकाणी सागाचे पानझडी रान का, याचे उत्तर उष्णतेत सापडत नव्हते.

हे उत्तर पाण्यात शोधण्याचे मोठे काम जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेआस शिंपर याने केले. ब्राझील, श्रीलंका आणि जावा इथली जंगले पाहून १८९८ मध्ये त्याने वनस्पतींच्या भूगोलावरचा आपला ग्रंथ लिहिला. उष्ण कटिबंधातल्या वनांची त्याने वर्षावन, मोसमी वन, सॅव्हाना वन आणि काटेरी वन अशी विभागणी केली. झाडाला पाणी किती मिळते आणि पानांतून किती उडून जाते, या हिशेबावर ती उभी होती. त्याच काळात व्लादिमिर क्योपेन याने झाडांच्या गटांचा आधार घेऊन हवामानाचे जागतिक वर्गीकरण रचले. त्याच्या सुधारित मांडणीत वर्षावनाच्या हवामानासाठी सर्वांत कोरड्या महिन्यातही किमान ६० मिलिमीटर पाऊस आवश्यक मानला आहे. वर्षाच्या एकूण पावसावरून लक्ष महिन्यांकडे वळले ते अशा मांडण्यांमुळे.

पुढचा टप्पा जावातला. डच मृदाशास्त्रज्ञ मोर याने १९३३ मध्ये ६० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचा महिना कोरडा आणि १०० मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाचा महिना ओला धरला. जमिनीतून होणारे बाष्पीभवन त्याने हिशेबात घेतले होते. पण ही सीमा सगळीकडे सारखीच होती. थंड डोंगरावर आणि तापलेल्या पठारावर पाणी सारख्या वेगाने उडत नाही.

ही उणीव तुलूझचे आंरी गोसेन आणि त्यांचे सहकारी बान्युल यांनी १९५३ मध्ये भरून काढली. पाऊस आणि तापमान त्यांनी एकाच आलेखावर मांडले, आणि पावसाचे प्रमाण तापमानाच्या दुप्पट ठेवले. पावसाची रेषा तापमानाच्या रेषेखाली गेली की कोरडा काळ सुरू, वर आली की संपला. धुके, दव आणि हवेतला दमटपणा यांसाठीही त्यांनी वेगळा निर्देशांक तयार केला.

१९५५ मध्ये स्थापन झालेल्या पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेमार्फत ही पद्धत भारतात आली. तिथे गोसेन, लग्री, मेहेर-होमजी यांनी देशाच्या वनस्पतींचे नकाशे केले. १९८० च्या दशकात झां-पिएर पास्काल यांनी पश्चिम घाटाचा सविस्तर अभ्यास करून तीन बदल वेगळे दाखवले. पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस घटतो, पायथ्यापासून माथ्याकडे तापमान घटते, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे कोरडा काळ लांबतो. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीसेक किलोमीटरवरच्या वाईत तो हजाराच्या आत येतो.

तिसरा बदल सर्वांत बोलका आहे. तिरुवनंतपुरमचा वार्षिक पाऊस महाबळेश्वरच्या सुमारे एक तृतीयांश आहे. तरीही उन्हाळी सरी आणि परतीचा पाऊस यांमुळे तिथे कोरडे महिने दोन-तीनच असतात. महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते ऑक्टोबरमध्ये कोसळतो आणि पुढे सुमारे सात महिने कोरडे जातात. त्यामुळे दक्षिणेकडचे डिप्टेरोकार्पस इंडिकससारखे उंच वृक्ष उत्तर कन्नड जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतात. महाबळेश्वर, भीमाशंकरच्या सदाहरित वनात अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे राज्य असते. दीर्घ कोरड सोसणाऱ्या थोड्या जातीच इथवर पोहोचल्या आहेत.

झाडाची सीमा प्रत्यक्षात ठरते ती रोपाच्या वयात. मोठ्या वृक्षाची मुळे खोल ओलीपर्यंत जातात, रोपाची जातातच असे नाही. पनामाच्या संयोगभूमीवर कॅरिबियन किनारा ओला आणि प्रशांत किनारा तुलनेने कोरडा आहे. तिथे बेटिना एंगेलब्रेख्त आणि सहकाऱ्यांनी ४८ जातींच्या रोपांची अवर्षण सोसण्याची क्षमता तपासली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्या जातींची रोपे पाण्यावाचून लवकर मरतात, त्या ओल्या बाजूला अधिक आढळल्या. कोरड्या महिन्यांच्या मोजणीला त्यातून थेट शारीरिक कारण मिळाले.

या मापाला मर्यादाही आहेत. नदीकाठच्या खोल मातीत झाड कोरड्या काळातही तग धरते. महाबळेश्वरच्या झाडांच्या बुटकेपणात जांभ्यावरच्या उथळ मातीचा आणि माथ्यावरच्या वाऱ्याचाही वाटा आहे. म्हणून कोरड्या महिन्यांचा आकडा माती आणि उंचीसोबतच वाचावा लागतो. उजाड डोंगरावर पुन्हा झाडे लावताना असा विचार फार मोलाचा ठरतो. केवळ भरपूर पाऊस पाहून दक्षिणेकडची जात उत्तर सह्याद्रीत लावली, तर पहिल्याच उन्हाळ्यात रोपे गमावण्याचा धोका असतो. तिथे किती महिने कोरडे जातात हे आधी मोजले, तर तग धरणारी जात निवडता येते.