नाजूक कपड्यांची धुलाई



आमच्या आजीचे एक रेशमी लुगडे होते. घरचे सारे कपडे परीट घेऊन जायचा. त्यांना भट्टी, खार, घाटावरचा दगड, सगळे सोसावे लागे. हे लुगडे मात्र परटाच्या गाठोड्यात कधी गेले नाही. आजी रात्री रिठे भिजत घाली, सकाळी ते पाणी गाळून घेई, त्यात लुगडे नुसते खालीवर करी आणि न पिळता सावलीत टाकी.

आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण तिचे काही चुकत नव्हते. रेशीम आणि लोकर हे प्राण्यांपासून मिळणारे प्रथिनांचे धागे. कडक खाराने ते झिजतात. रिठ्यात सॅपोनिन असते. त्याला फेस येतो, मळ सुटतो, पण खाराचा जाच नाही. लोकरीची गोष्ट आणखी न्यारी. तिच्या केसावर माशाच्या अंगासारखे बारीक खवले असतात. गरम साबणाच्या पाण्यात ती घुसळली की खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटते. काश्मिरी नमदा याच गुणावर तयार होतो, पण तिथे ते मुद्दाम केलेले असते. गुरुजींनी वर्गात मूठभर लोकर गरम साबणाच्या पाण्यात चोळून दाखवावी. दहा मिनिटांत तिचा घट्ट गोळा होतो.

आता यंत्राकडे वळू. जर्मनीतील रेगेन्सबुर्गचे शेफर हे धर्मोपदेशक. निसर्गशास्त्राचाही त्यांना नाद. त्यांनी १७६७ साली धुलाईयंत्रावर पुस्तिका काढली. १७८२ साली इंग्लंडमध्ये हेन्री सिज्जर यांनी फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. दांडा हाताने फिरवायचा! धुणे, खळबळणे आणि पिळणे आपोआप करणारे बेंडिक्स यंत्र अमेरिकेत १९३७ साली लोकांपुढे आले. ते इतके हादरे देई की जमिनीला बोल्टने जखडावे लागे. अशा दांडग्याच्या तोंडी रेशीम कोण देणार? म्हणून पुढे यंत्रांना वेगवेगळ्या चाली शिकवल्या गेल्या. त्यांतलीच एक 'डेलिकेट', म्हणजे नाजूक धुलाई. पाणी थंड किंवा कोमट, हालचाल हळू, शेवटचे पिळणे मंद आणि पाणी मात्र भरपूर, म्हणजे कपडा तरंगतो, एकमेकांवर घासत नाही. थोडक्यात, आजीचेच खालीवर करणे.

मग ही चाल उपयोगी आहे का? पातळ सुती ओढणी, जाळीचे काम, रेशीम, यंत्रात धुण्याजोगी लोकर, यांना आहे. चिखलाने माखलेल्या धोतराला नाही. मळ तसाच राहतो आणि पाणी फुकट जाते. पण खरी गंमत, किंवा खरी चिंता म्हणा, पुढेच आहे. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टरचा धागा शोधला. तोच आपल्याला टेरिलीन म्हणून ओळखीचा झाला. न चुरगळणारा, लवकर वाळणारा. असा गुळगुळीत, तलम कपडा पाहून आपण भाबडेपणाने नाजूक धुलाईचे बटण दाबतो.

२०१९ साली न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी पॉलिस्टर असेच धुऊन पाहिले. कमी पाण्याच्या नेहमीच्या धुलाईपेक्षा नाजूक धुलाईत दर खेपेला सुमारे आठ लाख जास्त सूक्ष्म तंतू सुटले! आपल्याला वाटते, जोराने घुसळण्यानेच धागा तुटतो. इथे मोठा वाटा निघाला तो कपड्याच्या मानाने जास्त असलेल्या पाण्याचा. ते पाणी कापडाच्या विणीतून जाताना तंतू ओढून नेते. हे तंतू प्लास्टिकचे; कुजत नाहीत. सांडपाण्यातून नदीत जातात आणि नदीतून समुद्रात. ज्या चालीने लोकर वाचते, तीच पॉलिस्टरच्या बाबतीत नदीला भारी पडते.

तेव्हा पॉलिस्टरचा सदरा साध्या चालीवर, थंड पाण्यात, यंत्र नीट भरून धुवावा. सदऱ्याच्या आतल्या पट्टीवर कापडाचे नाव छापलेले असते. मुलांना ते वाचायला लावावे. आजीचे लुगडे अजून आमच्या घरी आहे. त्याला मी यंत्र दाखवलेले नाही. बाजारातून रिठे तेवढे आणून ठेवतो.