तक्रार ऐकणारा कान

मध्य प्रदेशातल्या कटंगीहून बालाघाटला आलं की वैनगंगा भेटते. हीच नदी पुढे गोंदिया, भंडारा ओलांडून वडसा-देसाईगंजच्या अंगाने वाहत जाते. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणलं होतं. तक्रार तिच्याच भावाने दिली होती. जबाब झाल्यावर घरच्यांना बाहेर पाठवलं आणि तिला मागे थांबवून घेतलं. बाहेर आल्यावर तिने सांगितलं की पोलिसानेच अत्याचार केला. कायद्याच्या पुस्तकांत हे 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखलं जातं. गाऱ्हाणं जिथे ऐकलं जायला हवं, नेमक्या त्याच जागी नवं गाऱ्हाणं जन्माला आलं होतं.

सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरवलं. भीतीपोटी निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्या निकालाचा गाभा होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असावी, असा तो तर्क होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. संमतीत शरण जाणं असू शकतं, पण शरण जाण्यात संमती असतेच असं नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या अत्याचारापुरता कायदा बदलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हे कलमात स्पष्टपणे यायला मात्र २०१३ उजाडलं.

शरण आणि संमती यांतला हाच फरक जगाच्या दुसऱ्या टोकाला काही माणसं आपापल्या परीने शोधत होती. बंधन, वेदना, हुकूम आणि शरणागती यांचा आपसांत ठरवून केलेला खेळ, ज्याला आज 'किंक' म्हणतात, त्या खेळाची ही माणसं. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली 'यूलेनश्पीगल सोसायटी' आणि सॅन फ्रान्सिस्कोत १९७४ साली 'सोसायटी ऑफ जेनस' सुरू झाली. जिथे शरण जाणं हाच खेळ आहे, तिथे खरा नकार ओळखायचा कसा? त्यासाठी 'सेफवर्ड' आला. हा आधी ठरवलेला शब्द कुणीही उच्चारला की त्या क्षणी सगळं थांबतं. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समलिंगी पुरुषांच्या संघटनेने आपल्या उद्दिष्टपत्रात तीन शब्द घातले: सुरक्षित, शहाणपणाचं, संमतीचं. पुढे अशा खेळांच्या मेळाव्यांत देखरेख करणारे स्वयंसेवक उभे राहू लागले. त्यांना खेळ थांबवण्याचा अधिकार असतो.

पण शब्द पाळला गेला नाही तर सांगायचं कोणाला? इंग्लंडमधल्या 'स्पॅनर' खटल्याने या प्रश्नावर कुलूपच घातलं. १९८७ मध्ये पोलिसांच्या हाती अशा खेळाची एक चित्रफीत लागली. प्रौढ पुरुषांनी संमतीने एकमेकांना केलेल्या जखमा हा गुन्हाच, असं १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं. ज्यांनी स्वतःहून वेदना घेतली, त्यांच्यातलेही काही दोषी ठरले होते. मग खरोखर अन्याय झालेला माणूस पोलिसांकडे जाईल कसा? कायद्याची भीती बाहेरून आणि मंडळाची बदनामी होईल ही भीती आतून, अशा दुहेरी दडपणाखाली अनेक तक्रारी गिळल्या गेल्या. २०११ च्या सुमारास किटी स्ट्रायकर आणि मॅगी मेहेम या दोघींनी कार्यशाळा घेऊन हे मौन मोडायला सुरुवात केली. आपल्याच मेळाव्यांतल्या, आपल्याच नावाजलेल्या माणसांविरुद्धच्या तक्रारी दाबल्या जातात, हे त्यांनी उघड बोलून दाखवलं. दरम्यान वैद्यकशास्त्राची नजरही बदलत गेली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या 'आयसीडी-११' या जागतिक वर्गीकरणात संमतीच्या अशा खेळाला विकार मानलेलं नाही, जबरदस्तीला मानलं आहे. सीमारेषा संमतीवर आली.

आपल्याकडे ही रेषा १८६० च्या दंडसंहितेत वेगळ्या रूपात होती. कलम ८७ चं उदाहरण तलवारबाजीचं आहे. दोघांनी करमणुकीसाठी पट्टा खेळायचं ठरवलं, डावात लबाडी नाही, आणि एकाला इजा झाली, तर तो गुन्हा नाही. अट अशी की माणूस अठरा वर्षांवरचा हवा आणि मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नको. आज भारतीय न्याय संहितेत हेच कलम २५ आहे. धाकाने किंवा नशेत, काय चाललंय हे न कळता दिलेला होकार कायदा होकार मानत नाही.

ऐकणाऱ्याचा प्रश्न भारतात सुटू लागला तो राजस्थानातून. १९९२ मध्ये बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवींवर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा १३ ऑगस्ट १९९७ चा 'विशाखा' निकाल आला आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालणार नाहीत आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा. मला यातली सर्वांत मोलाची तरतूद ही बाहेरची व्यक्ती वाटते. देसाईगंजच्या त्या रात्री हीच व्यक्ती नव्हती. ऐकणारे आणि करणारे एकाच खोलीत, एकाच गणवेशात होते.

खासगी मेळावा हा कार्यालय नव्हे, म्हणून तिथे हा कायदा बहुतेकदा पोहोचत नाही. पण त्याचा धडा पोहोचायला हवा. आयोजकाच्या मित्रमंडळाबाहेरची निदान दोन माणसं तक्रारीसाठी नेमलेली असावीत आणि त्यांची नावं दारातच सांगितलेली असावीत. सांगणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून घ्यावं. पोलिसांकडे जा किंवा जाऊ नकोस, असा रेटा कुणी लावू नये. नाव बाहेर जाऊ नये. आरोप आयोजकावर असेल तर आयोजकाने निर्णयातून बाजूला व्हावं. आणि काय ठरलं, ते तक्रारदाराला कळवावं. अठराखालच्या कुणाचा संबंध असेल तर मात्र निवड उरत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं.

पुरुषांसाठी तर ही आतली व्यवस्था आणखी महत्त्वाची आहे. २०१८ मध्ये संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याबाहेर आले, ते योग्यच झालं. पण १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत जुन्या दंडसंहितेतलं कलम ३७७, ज्याखाली जबरदस्तीचीही तक्रार करता येत असे, पूर्णच गेलं आणि प्रौढ पुरुषावरील बलात्कारासाठी स्वतंत्र कलम उरलं नाही. त्याला दुखापत, धमकी अशा कलमांचाच आधार आहे.

कटंगीचा एखादा तरुण किंवा तरुणी नागपूर-मुंबईच्या मेळाव्याला गेली आणि तिथे काही घडलं, तर परत येऊन कटंगीच्या ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. बलात्कार झालेल्या स्त्रीवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार करायचे असतात. १८१ हा महिला मदत क्रमांक आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एवढी वाट आधीच्या माणसांनी सोसून तयार केली आहे. म्हणून कुठल्याही मेळाव्याला जाण्याआधी एकच प्रश्न विचारावा: काही बिनसलं तर सांगायचं कोणाला? उत्तरात आयोजकाचंच नाव आलं, तर वैनगंगेकाठच्या त्या ठाण्याची आठवण ठेवावी आणि दुसरं नाव मागावं.