शेवटचं कडवं ब्रायननं गायलं

आजचा अल्बम आहे क्वीनचा 'मेड इन हेवन'. फ्रेडी मर्क्युरी गेला २४ नोव्हेंबर १९९१ ला आणि अल्बम आला १९९५ च्या नोव्हेंबरात. म्हणजे गायक जाऊन चार वर्षं झालेली, आणि आवाज मात्र त्याचाच. (पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकलेला फारुख बलसारा तो हाच, हे तुम्हाला माहीत असेलच.)

१९९१ मध्ये फ्रेडी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत गात होता. एड्समुळे तब्येत पार ढासळलेली. सोबत्यांकडे एकच आग्रह: काहीही लिहून द्या, मी गाऊन ठेवतो, बाकीचं तुम्ही नंतर करा. मग नुसत्या ड्रम मशीनवर तो गायचा. 'मदर लव्ह' हे गाणं त्यानं आणि गिटारिस्ट ब्रायन मे यानं मिळून असंच उभं केलं. शेवटचं कडवं राहिलं, तेव्हा फ्रेडी दमला होता. नंतर येऊन गातो म्हणाला. ते राहूनच गेलं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेला कोड पूर्ण करताना पहिला मोह होतो तो सांधा लपवायचा. क्वीननंही या अल्बमवर भरपूर सांधकाम केलंय. 'इट्स अ ब्युटिफुल डे' १९८० च्या एका छोट्या तुकड्यातून वाढवलं. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' हे फ्रेडीच्या १९८५ च्या सोलो अल्बममधलं. त्याचा आवाज तसाच ठेवून बँडनं बाकीचं नव्यानं वाजवलं. खरं सांगू? तो सगळा थाट मला जरा अंगावरच येतो.

'मदर लव्ह'मध्ये मात्र सांधा उघडा आहे. शेवटचं कडवं ब्रायन स्वतःच्या आवाजात गातो. फ्रेडीची नक्कल नाही की काही नाही, आवाजही त्यामानानं पातळच. मग येतो १९८६ च्या वेम्बली कॉन्सर्टमधला फ्रेडी, गर्दीला आपल्यामागून गायला लावणारा. त्यापाठोपाठ क्वीन नावारूपाला येण्याआधी त्यानं गायलेल्या एका गाण्याचा तुकडा, आणि शेवटी बाळाचं रडणं.

आज एआयकडून ते कडवं फ्रेडीच्या आवाजात सहज करून घेता येईल. कुणीतरी केलंही असेल. मला ते ऐकायचं नाही. फ्रेडी ज्या ओळीवर थांबला, तिथे तो थांबलेला मला ऐकू यायला हवा.

हेडफोन लावा आणि गाणं सुरुवातीपासून ऐका. आवाज कुठे बदलतो, ते मी आधी सांगत नाही.