ओहायो राज्यातील सामायिक ग्रंथालय-सेवा : मालकी, पर्यवेक्षण आणि जतन

ग्रंथालयांच्या परस्पर-सहकार्याचा इतिहास सांगताना यंत्राचा विचार बहुधा अग्रभागी येतो. संगणक कोणत्या वर्षी आला, तारांचे जाळे केव्हा विणले गेले, छापील तालिकापत्रे केव्हा हद्दपार झाली, या गोष्टींची नोंद तत्परतेने केली जाते. त्या मानाने एक प्रश्न उपेक्षित राहतो : अनेक संस्थांनी मिळून उभारलेल्या माहितीसंचाची देखरेख कोणी करावयाची आणि कोणत्या अधिकाराने? अमेरिकेतील ओहायो राज्याचा गेल्या सुमारे साठ वर्षांचा अनुभव या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. एकाच राज्यात प्रथम सामायिक तालिका, नंतर सामायिक ग्रंथदेवघेव आणि शेवटी सामायिक नियतकालिक-संग्रह असे तीन टप्पे क्रमाने घडले. प्रत्येक टप्प्यावर पर्यवेक्षणाचा अर्थ बदलत गेला.

1. पूर्वपीठिका

ओहायोमध्ये सामुदायिक ग्रंथसंग्रहाची कल्पना राज्याइतकीच जुनी आहे. 1804 मध्ये एम्स या वसाहतीतील रहिवाशांनी एक ग्रंथालय-मंडळ स्थापन केले. रोख पैसा दुर्मिळ असल्यामुळे त्यांनी रॅकून नामक प्राण्याची कातडी बॉस्टन येथे विकून ग्रंथ आणविले. 1817 मध्ये गव्हर्नर टॉमस वर्दिंग्टन यांनी फिलाडेल्फिया येथे 509 ग्रंथ विकत घेऊन राज्य ग्रंथालयाचा पाया घातला. पहिल्या प्रयत्नात वर्गणीदारांची सामायिक मालकी होती, तर दुसऱ्यात शासनाची एकहाती मालकी. पुढील काळातील सर्व व्यवस्था या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आपली जागा शोधताना दिसतात.

2. सामायिक तालिका

6 जुलै 1967 रोजी 'ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर' या संस्थेची नोंदणी झाली. राज्यातील 54 महाविद्यालये व विद्यापीठे तीत सहभागी होती, आणि येल विद्यापीठातून आलेले फ्रेडरिक किल्गोर हे तिचे संचालक होते. हेतू आर्थिक स्वरूपाचा होता. एकच ग्रंथ पन्नास ग्रंथालयांत येई आणि पन्नास तालिकाकार त्याची पन्नास वेळा स्वतंत्र नोंद करीत. ही पुनरुक्ती टाळली तर ग्रंथालयांच्या खर्चातील वाढ रोखता येईल, असे किल्गोर यांचे प्रतिपादन होते. त्यांना अनुकूल अशी एक गोष्ट तत्पूर्वीच घडली होती. हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ग्रंथनोंद संगणकाला वाचता येईल असा 'मार्क' हा आराखडा सिद्ध केला होता, आणि 1969 पासून या नोंदींच्या चुंबकीय फिती वितरित होऊ लागल्या होत्या.

26 ऑगस्ट 1971 रोजी अ‍ॅथेन्स येथील ओहायो विद्यापीठाच्या ऑल्डन ग्रंथालयाने या यंत्रणेवर प्रत्यक्ष काम सुरू केले आणि पहिल्या दिवशी 133 ग्रंथांची तालिका केली. कातडी विकून ग्रंथ आणणारे एम्स हे गाव याच अ‍ॅथेन्स जिल्ह्यातले, हा योगायोग लक्षणीय आहे. पहिल्या वर्षात या ग्रंथालयाचे तालिकाकाम एक तृतीयांशाने वाढले आणि सेवकवर्गात 17 जागांची घट करता आली.

यंत्रणेची रीत साधी होती. ग्रंथकाराच्या नावाची पहिली तीन अक्षरे आणि ग्रंथनामाची पहिली तीन अक्षरे टंकित केली की संबंधित नोंदी पडद्यावर येत. नोंद सापडली तर ती आपल्या गरजेप्रमाणे फिरवून घ्यावयाची. न सापडली तर स्वतः नवी नोंद करावयाची, आणि ती तत्क्षणी इतर सर्वांना उपलब्ध होई. छापील तालिकापत्रे मध्यवर्ती कार्यालयातून टपालाने येत. ही पत्रे छापण्याचे काम 1 ऑक्टोबर 2015 रोजी थांबले, तोपर्यंत त्यांची संख्या सुमारे 190 कोटींवर गेली होती.

या रीतीत पर्यवेक्षणाची एक नवी समस्या दडलेली होती. जुन्या व्यवस्थेत एखाद्या तालिकाकाराने चूक केली तर ती त्याच्या ग्रंथालयापुरती राही. सामायिक संचात तीच चूक एका दिवसात सर्वांच्या पदरी पडू लागली. एका ग्रंथाच्या दोन-तीन नोंदी, नावांची भिन्न रूपे, अपुरी माहिती यांमुळे सभासदांत तक्रारी वाढल्या. केंद्राकडे यंत्र होते, परंतु नोंदी करणारा सेवकवर्ग त्याचा नव्हता. त्यामुळे आज्ञा करण्याऐवजी मान्य मानके ठरवून देणे, सभासदांनीच परस्परांचे काम तपासणे, आणि पुढे 1980 च्या दशकात निवडक ग्रंथालयांना इतरांच्या नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार देणे, असे मार्ग अवलंबावे लागले. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. परंतु गावाने केलेल्या कामाचा दर्जा राखण्यासाठी गावानेच पाटील नेमावा लागतो, हेही या अनुभवातून दिसून आले.

3. राज्याच्या हातून निसटलेला संच

या यशाचाच एक अनपेक्षित परिणाम झाला. राज्याबाहेरील ग्रंथालये सहभागासाठी पुढे आली, आणि 1977 मध्ये संस्थेच्या घटनेत बदल करून ओहायोबाहेरील ग्रंथालयांना कारभारात स्थान देण्यात आले. 1981 मध्ये 'ऑनलाइन कॉम्प्युटर लायब्ररी सेंटर' असे नाव स्वीकारले गेले. आद्याक्षरे तीच राहिली, परंतु त्यांतून ओहायो हा शब्द गेला. संच राष्ट्रीय आणि कालांतराने जागतिक झाला.

ज्ञानाच्या दृष्टीने हा लाभच होता. तथापि ज्या राज्याने बीज पेरले, त्याच्या हाती त्या संचाचे स्वतंत्र पर्यवेक्षण उरले नाही. शिवाय सर्वांनी मिळून भरलेल्या नोंदींवर अखेर स्वामित्व कोणाचे, हा प्रश्न अनिर्णीत राहिला. 2008 मध्ये संस्थेने नोंदींच्या पुनर्वापरावर निर्बंध घालणारे धोरण जाहीर केले तेव्हा तो उघडपणे पुढे आला. सभासदांकडून तीव्र विरोध झाल्याने 2009 मध्ये ते धोरण मागे घ्यावे लागले, आणि 2010 मध्ये सभासदांचे हक्क व जबाबदाऱ्या मांडणारे नवे निवेदन स्वीकारले गेले. सहकारातून जमलेली ठेव सांभाळणारी संस्था ही त्या ठेवीची विश्वस्त असते की धनी, हा या वादाचा गाभा होता.

4. ओहायोलिंक : तालिकेकडून ग्रंथाकडे

दुसऱ्या टप्प्याचा उगम एका वेगळ्याच अडचणीत झाला. 1980 च्या दशकात राज्यातील विद्यापीठे ग्रंथालयांच्या नव्या इमारतींसाठी अनुदानाची मागणी करीत होती. प्रत्येक विद्यापीठाला स्वतंत्र इमारत देत राहणे शक्य आहे काय, याचा विचार करण्यासाठी उच्च शिक्षणाच्या राज्य मंडळाने समिती नेमली. 1987 च्या अहवालात समितीने दोन शिफारशी जोडीने केल्या : क्वचित लागणारे ग्रंथ ठेवण्यासाठी प्रादेशिक भांडारे उभारावीत, आणि सर्व विद्यापीठांची मिळून एक संगणकीय तालिका करावी.

या दोन शिफारशींचा संबंध वरवर पाहता ध्यानात येत नाही. भांडारांत ग्रंथ विषयवार न लावता आकारमानानुसार लावले जात, कारण त्यायोगे कमी जागेत अधिक ग्रंथ मावतात. अशा भांडारात फिरून ग्रंथ शोधणे अशक्यच होय. तालिका हाच तेथे जाण्याचा एकमेव दरवाजा ठरतो. राज्यात अशी पाच भांडारे झाली. अर्थात जागेची बचत तालिकेच्या अचूकपणावर अवलंबून राहिली. नोंद चुकली तर ग्रंथ जागेवर असूनही हरवल्यासारखाच.

1990 मध्ये संगणक-प्रणालीची निवड झाली आणि 1992 मध्ये 'ओहायोलिंक' या नावाने सेवा सुरू झाली. राज्य विद्यापीठांबरोबरच केस वेस्टर्न रिझर्व्ह आणि डेटन ही खाजगी विद्यापीठे आरंभीपासून सहभागी होती. पुढे लहान महाविद्यालये आली आणि सभासद संस्थांची संख्या सुमारे 90 वर गेली. प्रत्येक ग्रंथालयाने आपली स्थानिक तालिका स्वतःकडेच ठेवली होती. तीत बदल झाला की त्याची प्रत मध्यवर्ती तालिकेकडे जाई, आणि एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती एका मुख्य नोंदीखाली एकत्र येत. ही जुळवणी करण्यास 1971 पासून वाढत आलेल्या जुन्या संचाचा नोंद-क्रमांकच उपयोगी पडला. म्हणजे राज्याच्या हातून निसटलेला तो संच दुसऱ्या रूपाने राज्याच्या कामी आला.

1994 पासून वाचकाला ग्रंथपालाच्या मध्यस्थीवाचून दुसऱ्या विद्यापीठातील ग्रंथ थेट मागविता येऊ लागला. ग्रंथ सामान्यतः दोन-तीन दिवसांत त्याच्या ग्रंथालयात येई. येथे पर्यवेक्षण अधिक नाजूक बनले. आपला ग्रंथ दुसऱ्या गावच्या अपरिचित विद्यार्थ्याला, मधल्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय, देण्यास प्रत्येक ग्रंथालयाने तयार व्हावे लागते. अशा विश्वासासाठी मुदत, दंड, हरवलेल्या ग्रंथाची भरपाई यांचे समान नियम अत्यावश्यक असतात. यासाठी ओहायोलिंकने नियामक मंडळाच्या जोडीला ग्रंथपालांची सल्लागार परिषद आणि चार स्थायी समित्या नेमल्या. त्यांच्याकडे अनुक्रमे माहितीसंचाची मानके, आंतरविद्यापीठीय देवघेव, सामायिक खरेदी आणि वाचकसेवा हे विषय होते. मध्यवर्ती कार्यालय लहान होते, कारण निर्णय सभासद घेत आणि कार्यालय ते अमलात आणी.

5. नियतकालिके : मालकीकडून परवान्याकडे

तिसऱ्या टप्प्यात प्रश्नाचे स्वरूपच पालटले. संशोधन-नियतकालिकांच्या वर्गण्या दरवर्षी वाढत होत्या आणि ग्रंथालये एकामागून एक नियतकालिके बंद करीत होती. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात ओहायोलिंकने मोठ्या प्रकाशकांशी एकत्रित करार करण्यास प्रारंभ केला. करारांचे सूत्र असे की, सभासद संस्था त्या प्रकाशकाच्या छापील अंकांवर जो खर्च करीत होत्या तो पायाभूत धरून, त्यात काही भर घालून, सर्वांना त्याची सर्व नियतकालिके संगणकावर मिळावीत. परिणाम चकित करणारा होता. वाचकांनी उतरवून घेतलेल्या लेखांपैकी निम्म्याहून अधिक लेख असे होते की, ते ज्या नियतकालिकांतील होते ती त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठात पूर्वी येतच नव्हती. ग्रंथपालांनी काळजीपूर्वक केलेली निवड वाचकांच्या गरजेचा केवळ काही भागच भागवीत होती, असा याचा अर्थ होतो.

परंतु या लाभाची दुसरी बाजूही होती. छापील अंक विकत घेतला की तो ग्रंथालयाचा होतो. वर्गणी थांबली तरी जुने अंक फडताळात राहतात. परवान्याने मिळालेला लेख मात्र करार संपताच नाहीसा होऊ शकतो. ओहायोलिंकने यावर काढलेला उपाय हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणावा लागेल. 1998 मध्ये स्थापन झालेल्या नियतकालिक-केंद्रात लेखांच्या प्रती राज्याच्या स्वतःच्या संगणकांवर साठविण्यात आल्या, आणि त्या कायम राखण्याचा हक्क करारांत समाविष्ट करण्यात आला. प्रकाशकाच्या संगणकावरून वाचणे अधिक स्वस्त आणि सोपे पडले असते. साठवणुकीसाठी यंत्रे, तंत्रज्ञ आणि निरंतर निधी लागतो. तरीही तो भार स्वीकारण्यात आला, कारण हातात प्रत नसताना केलेली देखरेख ही केवळ दुसऱ्याच्या दारावरची राखण होय.

6. समारोप

विद्यापीठांबाहेरही हेच सूत्र पसरले. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी 'ओप्लिन' आणि शाळांसाठी 'इन्फोहायो' या यंत्रणा उभ्या राहिल्या, आणि राज्य ग्रंथालयासह सर्वांनी मिळून काही माहितीसंच राज्यातील सर्व रहिवाशांसाठी विकत घेण्यास सुरुवात केली. तिन्ही यंत्रणा एकीत विलीन न करता, वेगवेगळ्या ठेवून खरेदीपुरते एकत्र येणे त्यांनी पसंत केले, हे त्यांच्या मूळ प्रवृत्तीला धरूनच होते.

भारतीय वाचकाला या संदर्भात बडोदे संस्थानाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डेन यांना पाचारण करून राज्यव्यापी ग्रंथालय-यंत्रणा उभारली. तेथे मालकी आणि पर्यवेक्षण बव्हंशी राज्याचेच होते. तरीही गावच्या ग्रंथालयाला अनुदान देताना एक तृतीयांश वाटा गावकऱ्यांनीच उचलावा, असा दंडक होता. त्या वाट्यामुळे ग्रंथालय 'सरकारी' न राहता 'आपले' होई. ओहायोने टोक दुसरे धरले, परंतु तत्त्व तेच.

25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके आणि 6,300 हून अधिक शासकीय संस्था असा तिचा विस्तार ठरला. महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठेही तिच्या कक्षेत येतात. दुर्गम तालुक्यातील महाविद्यालयालाही मुंबईच्या विद्यार्थ्याइतकेच वाचावयास मिळावे, हा हेतू निःसंशय स्तुत्य आहे. परंतु ओहायोच्या अनुभवावरून अशा कोणत्याही योजनेला तीन प्रश्न विचारणे प्राप्त होते. करार संपल्यावर जुने अंक कोणाच्या हाती राहतील? जे वाचतात आणि ज्यांच्यासाठी वर्गणी भरली जाते, त्यांच्या ग्रंथपालांना निवडीत व देखरेखीत स्थान आहे काय? आणि निधी आटला तर जतनाचा भार कोण उचलील?

यंत्रे जुनी होतात. 1971 चा संगणक आज वस्तुसंग्रहालयाचा विषय झाला आहे. त्याच वर्षी अ‍ॅथेन्समध्ये लिहिलेल्या नोंदी मात्र अनेक हातांनी दुरुस्त होत आजही वापरात आहेत. सामायिक संच टिकतो तो त्याची जपणूक करणाऱ्यांना त्याच्यावर काही अधिकार असतो म्हणून. ज्या संचाचे वापरणारे केवळ ग्राहक बनतात, त्याचे आयुष्य शेवटच्या हप्त्याएवढेच असते.