वीरगळ आणि घरी परतलेला वीर

मराठवाड्यातील जुन्या देवळांच्या आवारात, पारावर किंवा गावकुसाशी एखादी उभी कोरीव शिळा हमखास दृष्टीस पडते. कोणी तिला शेंदूर लावतो, कोणी देव समजून नारळ फोडतो. ही शिळा पुष्कळदा वीरगळ असते. तिच्या खालच्या चौकटीत लढाई व धारातीर्थी पडलेला वीर कोरलेला असतो. तेथेच गाई दिसल्या, तर गावचे गोधन सोडविताना त्याने देह ठेवला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्यास स्वर्गी नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य आहेत. हे दोघे आहेत तोवर त्याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. नाव मात्र क्वचितच आढळते. ज्या लट्टलूरचे नाव राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदात मिरवीत, ते आजचे लातूर होय असे इतिहासकार मानतात. त्या मुलखाला वीरगळ नवी नाही.

परंतु वीरगळ असे ती बहुधा रणात पडलेल्याची. जो लढून घरी परतला, ज्याने पुन्हा नांगर धरला, लेकरांची लग्ने केली आणि म्हातारपणी आपल्या माणसांत डोळे मिटले, त्याच्यासाठी पूर्वजांनी सहसा शिळा कोरली नाही. मृत्यूने वीर ठरतो, पण जगून आलेल्याचे काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

सन १९४८ चा एप्रिल महिना मराठवाड्यात मोठ्या दहशतीचा होता. नांदेड, तसेच तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर, निजामाच्या अमलाखाली होते आणि रझाकारांचा उपद्रव वाढला होता. पुढे १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली आणि १७ सप्टेंबरला हा मुलूख मोकळा झाला. सैनिकाचे मोल येथे कोणास सांगावे लागत नाही ते यामुळेच. नेमक्या त्याच एप्रिल महिन्यात, इकडे फौजेची वाट पाहिली जात असता, जम्मूच्या डोंगरात कारवारकडचा एक तरुण अधिकारी दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करीत होता. त्याचे नाव सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

राण्यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळील चेंडिया गावी झाला. वडील पोलीस शिपाई होते. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले व महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. सॅपर्सचे काम बंदुकीपेक्षा कुदळ-पहारीचे अधिक. पूल बांधावे, रस्ता करावा, पुरलेले सुरुंग काढावे. नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट शत्रूने सुरुंग पेरून व झाडे आडवी पाडून रोखली होती. ८ एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील दोघे ठार व पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, चालकाला दोरीने खुणा करीत ते सुरुंग काढीत गेले. ११ तारखेस त्यांनी सलग १७ तास काम केले. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

या पराक्रमाबद्दल त्यांस परमवीर चक्र मिळाले. भाविकांस ठाऊक असावे असे एक. या पदकावर इंद्राचे वज्र कोरलेले आहे, दधीची ऋषींनी ज्यासाठी आपल्या अस्थी दिल्या तेच. पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने त्या युरोपीय असून मराठी घरच्या सून झाल्या होत्या.

राणे जिवंत परतले. १९५५ मध्ये त्यांचा विवाह झाला, मुलेबाळे झाली. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ च्या जुलै महिन्यात पुण्यास वारले. पदक मिळाल्यानंतर ते चव्वेचाळीस वर्षे जगले आणि विवाहानंतर संसारी गृहस्थ होते, हे त्यांच्या शौर्यकथेत कोणी फारसे सांगत नाही. ते सांगायला हवे. त्यांच्या नावाचे जहाज निघाले, कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर अर्धपुतळा उभारला गेला आणि २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव दिले गेले.

परंतु हे परमवीराचे झाले. नांदेड-लातूरच्या खेड्यांतून फौजेत गेलेला साधा शिपाई वा हवालदार पेन्शनीवर गावी येतो. मुले त्याला धाकाने आणि प्रेमाने बाबा म्हणतात, गावकरी फौजी म्हणतात. तेरावा झाला की त्याची वर्दी, पदके आणि डिस्चार्ज बुक लोखंडी पेटीत जातात. दोन पिढ्यांनी पलटणीचे नावही घरात कोणास सांगता येत नाही. ज्याने देवळास देणगी दिली त्याचे नाव संगमरवरावर येते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच देवळाच्या पायरीवर रोज संध्याकाळी बसणाऱ्या फौजीची नोंद कोठेच नसते.

जीर्णोद्धाराच्या कामात जुने दगड हलतात. तेव्हा अनेक गावी वीरगळ पायात भरली गेली, नाहीतर ओट्याच्या बांधकामात उलटी बसली. ती शोधून, शेंदूर हलक्या हाताने उतरवून, पावसापाण्यापासून आडोशाला उभी करावी. तिच्या शेजारी गावातील दिवंगत माजी सैनिकांची नावे, पलटण व नोकरीची वर्षे लिहिलेली एक फरशी बसण्यास फार खर्च येत नाही. ही माहिती घरच्या डिस्चार्ज बुकात सापडते. ते हरवले असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. पेटी उघडण्याचे काम मात्र घरच्यांनीच, कागद वाळवीने खाण्याआधी करावयाचे आहे.