राउटर म्हणजे फोडलेली वाट

पोलादपूरला महामार्गाला दोन वाटा फुटतात. एक कशेडी घाटाने रत्नागिरी जिल्ह्यात जाते, दुसरी आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पोचते. घाट 'बांधला' असं इथे फारसं कोणी म्हणत नाही, घाट 'फोडला' म्हणतात. इंग्रजी 'रूट' या शब्दाच्या पोटात नेमकी हीच क्रिया आहे. लॅटिनमधली 'व्हिया रुप्ता' म्हणजे फोडून काढलेली वाट. त्यातला 'रुप्ता' फ्रेंचमधून इंग्रजीत आला, त्याचा 'रूट' झाला आणि माहितीला वाट दाखवणारा तो 'राउटर'.

महाड-पोलादपूरच्या घरांत भिंतीवर ठोकलेल्या त्या लुकलुकत्या डबीला सगळे 'वायफायचा डबा' म्हणतात. तिच्या तळाशी छापलेला आकडी पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकला की तिचं सेटिंगचं पान उघडतं. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरगुती आणि खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. १९९६ सालचा तो नियम आजही चालतो, म्हणून बिरवाडीतल्या घरात आणि बर्लिनमधल्या घरात हाच पत्ता सुखाने नांदतो. ब्राउझर हा शब्दही रानातला: 'ब्राउझ' म्हणजे शेळ्यांनी झुडपाचे कोवळे शेंडे खुडत हिंडणं.

त्या पानावरचा सर्वांत जड शब्द मात्र 'डिफॉल्ट'. बँकेमुळे आपल्याला 'डिफॉल्टर' ठाऊक आहे, हप्ते थकवणारा. मग राउटरचं सेटिंग 'डिफॉल्ट' कसं? जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ उणीव, चुकणं. न्यायालयात तो गैरहजेरीला चिकटला: पक्षकार तारखेला आला नाही की त्याच्या गैरहजेरीत निकाल लागतो, ज्याला आपण एकतर्फी निकाल म्हणतो. संगणकाने तोच अर्थ उचलला. मालक काही बोलला नाही, तर कारखान्याने ठरवलेलं लागू. पुष्कळ जुन्या राउटरांवर नावही 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन' असतो, तो हा घरमालकाच्या गैरहजेरीतला एकतर्फी निकाल. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातकी प्रोग्रॅमने कारखान्यातल्या अशा नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या आजमावत जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कुलूप फोडण्याची गरजच पडली नाही.

पासवर्डला मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणतात. परवल हा छावणीतल्या 'पॅरोल'चा मराठी अवतार आणि फ्रेंच 'पारोल' म्हणजे मुळात शब्दच. कैदी पॅरोलवर सुटतो तोही परत येण्याचा शब्द देऊनच. अर्थाच्या हिशेबाने 'परवलीचा शब्द' ही द्विरुक्ती आहे, पण ती मला खटकत नाही. पहाऱ्यावर शब्द दोनदा विचारलेला बरा.

परभाषेतल्या शब्दांचं काय करायचं, हा प्रश्न महाड तालुक्याला नवा नाही. याच तालुक्यातल्या रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला. त्यानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यात किल्ल्यांच्या शब्दांसाठी स्वतंत्र 'दुर्गवर्ग' आहे. तरीही रायगड चढताना लागतो तो महादरवाजा: 'महा' संस्कृत, 'दरवाजा' फारसी. शेजारच्या गावाच्या नावात दिसणारं 'पोलाद'सुद्धा फारसीच. कोशाने राज्याच्या भाषेला ताठ कणा दिला हे खरंच आणि लोकांनी त्यांच्या तोंडी रुळलेले शब्द टाकले नाहीत हेही खरं. म्हणून राउटर, ब्राउझर, सेटिंग हे शब्द खुशाल वापरावेत असं माझं मत आहे. मात्र 'डिफॉल्ट'पाशी थांबून त्याचा अर्थ घरात सगळ्यांना सांगायला हवा, कारण तो न कळल्याने दार उघडं राहतं.

गणपतीला मुंबईहून मुलं गावी येतील, तेव्हा त्यांच्याकडून ते पान एकदा उघडून घ्या. तिथे दोन परवली असतात: एक वायफायची, दुसरी त्या पानाची. बहुतेक जण पहिली बदलतात आणि दुसरी विसरतात. दोन्ही बदला आणि वहीत लिहून ठेवा.